वादाखाली दबलेला विजय : वॉर्साची शोपँ स्पर्धा, १९८०

१/ वॉर्सातील आंतरराष्ट्रीय शोपँ पियानो स्पर्धेच्या इतिहासात १९८० हे वर्ष हमखास सांगितले जाते, पण बहुधा वगळल्या गेलेल्या स्पर्धकाच्या नावाने. युगोस्लाव्हियाच्या इव्हो पोगोरेलिचला अंतिम फेरीत प्रवेश नाकारला गेला. १९६५ ची विजेती मार्ता आर्गेरिच हिने निषेध म्हणून परीक्षकपद सोडले. कथा येथेच थांबते. विजेता कोण, हे क्वचितच विचारले जाते.

२/ स्पर्धेचा आरंभ १९२७ चा. पहिल्या महायुद्धानंतरची तरुण पिढी क्रीडास्पर्धांकडे ओढली जात होती. संगीतालाही तशीच चुरस द्यावी, ही पियानोवादक येझी झुराव्हलेव्ह यांची कल्पना.

३/ मग दुसरे महायुद्ध आले. नाझींनी १९४० मध्ये वॉर्सातील शोपँचा पुतळा उद्ध्वस्त केला. १९४२ ची स्पर्धा झालीच नाही. १९४९ मध्ये, शोपँच्या मृत्युशताब्दी वर्षी, ती पुन्हा भरली. परंतु फिलहार्मोनिकची वास्तू युद्धात नष्ट झाल्याने ‘रोमा’ सभागृहात.

४/ १९८० चा विजेताही युद्धाच्या छायेतच वाढला होता. डांग थाय सन, जन्म १९५८, हनोई. अमेरिकी बॉम्बहल्ल्यांमुळे हनोईचे संगीत विद्यालय खेड्यात हलवले गेले. त्याचे बालपणीचे शिक्षण तेथे झाले. आई थाय थी लिएन स्वतः पियानोवादक. १९७० च्या स्पर्धेला त्या निमंत्रित होत्या; परतताना त्यांनी शोपँच्या स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रिका आणल्या.

५/ दहा वर्षांनी त्याच स्पर्धेत त्यांच्या २२ वर्षांच्या मुलाने प्रथम पारितोषिक मिळवले. हा मान मिळवणारा तो पहिला आशियाई वादक. पोलोनेझ, माझुर्का आणि कॉन्चेर्टो यांची विशेष पारितोषिकेही त्यालाच मिळाली.

६/ शीतयुद्धाच्या काळात मॉस्कोत शिकलेल्या विजेत्यावर संशय घेणे सोपे असते. आर्गेरिचचा आक्षेप मात्र पोगोरेलिचला वगळण्यावर होता. तो आक्षेप रास्त मानला, तरी त्यामुळे डांगचे यश उणे ठरत नाही.

७/ २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ हा डांगचाच शिष्य. वादाने १९८० ला प्रसिद्धी दिली. परंपरा मात्र विजेत्याने घडवली. इतिहासाच्या अभ्यासकाने गाजलेल्या घटनेइतकेच तिच्या सावलीत राहिलेल्या घटनेकडेही पाहावे. १९८० ची खरी ऐतिहासिक घटना राजीनामा नव्हे, हनोईच्या त्या तरुणाचा विजय होय.