मागच्या सीटवरून उतरताना



शिरूर कासारच्या बैठकीत विषय होता घरातल्या मारहाणीच्या तक्रारींचा. बोलणं अडलं ते मोटारसायकलवर. एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, रात्री नऊला बाईचा फोन येतो. एसटी गेलेली असते. मग दिराला म्हणायचं, जरा सोडता का? ज्याच्या भावकीविरुद्ध तक्रार, त्याच्याच मागं बसून जायचं!" सगळ्याजणी हसल्या, आणि मग गप्प झाल्या.

तिनं आता स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलंय. कोणती घ्यावी, हा काय संपादकीयाचा विषय, असं काहींना वाटेल. वाटू दे.

गावात स्कूटी बरी. पण तिची चाकं दहा-बारा इंची, आपल्या खड्ड्यांत ती आपटते. मोटारसायकलची सतरा-अठरा इंची चाकं खड्डा सोसतात. स्प्लेंडर शिकायला उत्तम: वजन सुमारे ११२ किलो, आणि कुठल्याही मिस्त्रीला ती दुरुस्त करता येते. मात्र बीडहून गेवराईकडे सोलापूर-धुळे महामार्गाला लागलं की शंभर सीसीचं इंजिन सत्तरच्या पुढे दमतं. मागून ट्रक रेटत असतो आणि पुढे निघायला ताकद उरलेली नसते. तालुक्यातच जास्त फिरणं असेल तर १२५ सीसी पुरे. आठवड्याला महामार्ग गाठायचा असेल तर माझं मत १५०-१६० सीसीच्या बाजूनं. बुलेटचा रुबाब मलाही आवडतो, पण क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. चिखलात आडवी झाली तर उचलायला पुन्हा दीरच बोलवावा लागेल!

दुसरी गोष्ट ब्रेकची. एबीएस असलं की घाबरून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन गाडी घसरत नाही. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळाली तर हे आधी विचारा. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर येते, तेव्हा ब्रेकची किंमत कळते.

सीटची उंची कागदावर बघू नका. रोजच्या कपड्यांत, रोजच्या चपलेत बसून बघा. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. आम्ही एका दुकानात गेलो, तर विक्रेता सगळं तिच्या सोबत आलेल्या भावालाच सांगत होता. हप्ता ती भरणार, हे दोनदा सांगावं लागलं. पाठोपाठ प्रश्न आला, "गाडी कुणाच्या नावावर करू?"

या प्रश्नाशी मी थांबले. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि उचल बहुतेक वेळा त्याच्या हातात पडते. बाईच्या मजुरीतून आलेली गाडी दारात उभी असते, किल्ली त्याच्या खिशात. म्हणून नोंदणी आणि विमा तिच्याच नावावर हवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाला झाकण सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. आपण त्याला साडी गार्डच म्हणतो. पदराची काळजी घेतली गेली, पण तो पदर मागच्या सीटवरचा!

पुण्यात २०११ साली बायकांनी 'बायकर्नी' हा मोटारसायकलस्वारांचा गट काढला. आपल्याला लडाख नको, बीडचं कोर्ट गाठायचं आहे. परवाना मात्र गियरच्या गाडीचाच काढा, स्कूटीचा चालत नाही. हेल्मेट दोन घ्या, मागे बसणारीलाही लागतं.

तिचं शिकणं सध्या शाळेच्या मैदानावर चालू आहे. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी चारदा बंद पडली, आणि बघायला निम्मी आळी जमली होती. पाचव्यांदा ती निघाली. आता परवान्याची परीक्षा झाली की बीडची पहिली फेरी. मागे मी बसणार आहे.

— संपादक