बोटीत माणसं किती?

मानोऱ्याच्या माणसाने समुद्रसफरीवर लेख पाडणं म्हणजे मालवणच्या माणसाने संत्र्याच्या बागेवर लिहिण्यासारखं आहे. आमच्या गावाहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागायला साधारण पाचशे किलोमीटर तरी जावं लागतं. तरी लिहितोय, कारण गेल्या जानेवारीत अंदमानात एका बोटीवर माझं आणि बाबांचं जे वाजलं ते अजून डोक्यातून जात नाही. शनिवारची दुपार आहे, बाहेर पडायचा कंटाळा आलाय, तर मंडळी, हा घ्या या विकांताचा रतीब.

अंदमानला जायचं ठरलं ते बाबांसाठी. त्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं. सावरकर १९११ ते १९२१ जिथे होते ती कोठडी, तो कोलू, सगळं. मला बघायचं होतं स्नॉर्केलिंग. आईला काय बघायचं होतं हे नेहमीप्रमाणे कुणी विचारलं नाही. मानोऱ्याहून नागपूर, तिथून कोलकाता, आणि मग पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून त्याचं नाव श्रीविजयपुरम झालंय, पण तिथला रिक्षावालाही अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो). विमान उतरताना खालचं निळं पाणी पाहून बाबांनी जे वाक्य टाकलं ते त्या ट्रिपचं सर्वोत्तम वाक्य होतं: "एवढं पाणी, अन् पेवाले एक घोट नाही!" वाशीम जिल्ह्याच्या माणसालाच हे सुचू शकतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रसिद्ध बेटांची फेरी. सकाळी बोटीत बसायचं, आधी रॉस बेट, मग नॉर्थ बे, तिथे पाण्यात डुंबायचं, दुपारी परत. काही फेऱ्यांत व्हायपर बेट पण असतं, जिथे लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ मध्ये फाशी दिलं. आमच्या फेरीत ते नव्हतं.

रॉस (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) मला फार आवडलं. इंग्रजांनी तिथून अख्ख्या अंदमानचा कारभार केला. १९४१ चा भूकंप, मग १९४२ मध्ये जपानी आले, आणि बेट ओस पडलं ते पडलंच. आता चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी असं कवटाळलंय की भिंत कुठली आणि मूळ कुठलं कळत नाही. मधून हरणं फिरतात. चौफेर समुद्र असताना साहेबांनी बेटावर पोहण्याचा तलाव बांधला होता हे कळल्यावर बाबा म्हणाले, "म्हंजे थे बी समुद्राले भेत होते." असेलही.

नॉर्थ बेच्या वाटेवर बाबांनी खिशातून जुनी लाल वीसची नोट काढली. तिच्या मागच्या बाजूला जो दीपगृहाचा देखावा आहे तो इथलाच. नोट डोळ्यासमोर धरून ते बराच वेळ माड आणि दीपगृह जुळवत बसले होते. बोटीतल्या निम्म्या लोकांनी मग आपापली पाकिटं उघडली, पण हल्ली सगळ्यांकडे वेरूळच्या लेण्यांची हिरवी नोट. बाबांचा भाव एकदम वधारला :-)

आता स्नॉर्केलिंगबद्दल. ज्यांनी केलं नाहीये त्यांना सांगतो, यात पोहता येण्याची गरज नसते, पण नाकाला गप्प बसवता यावं लागतं. जन्मापासून नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाला अचानक सांगतात की नाक बंद, तोंडात नळी, मान खाली. पहिली दोन मिनिटं मी निव्वळ खारं पाणी प्यालो. मग ते जमलं, आणि खाली बघितलं, आणि पुढचा अर्धा तास कसा गेला कळलं नाही. निळे-हिरवे पोपटमासे प्रवाळाला चोच मारतात त्याचा कट कट आवाज पाण्यात खरंच ऐकू येतो. तुमच्यापासून हातभर अंतरावर एवढं मोठं गाव नांदतंय आणि त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, ही भावना मला हिंजवडीत बसून कधी आली नव्हती. प्रवाळाचा बराच भाग मात्र पांढरा-करडा, मेलेला. १९९८ आणि २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानच्या प्रवाळाला मोठा फटका बसला होता, आणि उरलेल्यावर आमच्यासारखे पाय देऊन उभे राहतात. गाइड ओरडत होता, "पैर मत रखो!" पण दम लागला की माणूस आधी पाय टेकायला जागा शोधतो.

बाबा पाण्यात उतरले तेव्हा लाइफ जॅकेट घालायला तयार नव्हते. "म्या इहिरीत पोहलो हाय, मले कायले जाकीट?" हे खरं आहे. आमच्याकडे पोरं विहिरीतच पोहायला शिकतात, पाठीला रिकामा डबा बांधून. मी शिकलो नाही, कारण आईने शपथ घातली होती. पण विहिरीला काठ असतो, तो दहा हातांवर असतो, आणि काठावर चार माणसं उभी असतात. शेवटी गाइडने त्यांना दम दिला तेव्हा कुठे त्यांनी ते चढवलं.

असो. मुद्द्यावर येतो.

परतीच्या वेळी आम्ही बोटीत बसलो. केबिनच्या बाजूला पिवळ्या रंगात प्रवासी संख्या लिहिलेली होती: तीस. येताना आम्ही अठ्ठावीस होतो. आता दुसऱ्या एका बोटीचं इंजिन बंद पडलं होतं आणि तिची माणसं आमच्या बोटीत चढवायला सुरुवात झाली. मी मोजत गेलो. तीस, तेहतीस, सदतीस, एकोणचाळीस. शेवटच्या चार-पाच जणांना जॅकेटं पुरली नाहीत.

आदल्या रात्री हॉटेलवर मी फोनवर उगाच वाचत बसलो होतो, ते नेमकं आठवलं. २६ जानेवारी २०१४ ला याच फेरीवरची 'अ‍ॅक्वा मरीन' नावाची बोट याच रॉस आणि नॉर्थ बेच्या मधल्या पाण्यात उलटली. २१ माणसं गेली. क्षमतेपेक्षा खूप जास्त लोक भरले होते. बरेचसे तमिळनाडूहून सहलीला आलेले, आमच्यासारखेच कुटुंबं घेऊन.

मी उठून म्हणालो, "भैया, तीस की कॅपॅसिटी है ना?"

"साहब, बीस मिनट का रास्ता है. रोज जाते हैं."

मग लोक सुरू झाले. एक पुण्याचे काका म्हणाले, "अहो, त्या लोकांनी काय इथेच राहायचं का?" हा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या कुणाला संध्याकाळचं काहीतरी गाठायचं होतं. कुणीतरी मागून "डर लगता है तो आये क्यों" असंही म्हणालं. आणि बाबा, माझे सख्खे बाबा, माझा शर्ट ओढून हळूच म्हणाले, "बस ना लेका. साऱ्या लोकायसमोर बह्याडासारखा काऊन करतं? बाकीचे बसले नाही का?"

मी बसणार होतो, खोटं कशाला सांगू. कान तापले होते आणि बसलं की सगळं संपणार होतं. तेवढ्यात आईने पायाजवळची पिशवी उचलली, "मी उतरतो," म्हणाली, आणि उतरली सुद्धा. तिच्या मागे मी. बाबा दोन मिनिटं तसेच बसून राहिले, मग आले. आमच्यासोबत आणखी कुणीही उतरलं नाही. छत्तीस माणसं घेऊन बोट गेली.

आम्हाला दुसरी बोट सव्वा तासाने मिळाली. आणि ती आधीची बोट? ती व्यवस्थित पोहोचली. जेट्टीवर उतरलो तर तो बोटवाला चहा पीत उभा होता, आमच्याकडे बघून हसला. बाबा रात्री जेवेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणजे मी चुकलो का? माझ्या क्षेत्रातलंच उदाहरण देतो. शंभर युजर्ससाठी बांधलेल्या सर्व्हरवर दीडशे लोक रोज येतात, रोज काही होत नाही, आणि मॅनेजर म्हणतो, बघ, उगाच घाबरत होतास. मग सेलच्या दिवशी सगळं एकदम बसतं. रोज काही न होणं हा पुरावा नसतो, ती उधारी असते. बोटीचं तर अजून वाईट. माणसं वाढली की बोट पाण्यात खाली बसते, काठ आणि पाणी यांतलं अंतर कमी होतं. वरच्या बाजूला वजन वाढलं की ती डुलल्यावर सावरायला वेळ घेते. एवढ्यानेही बहुधा काही होत नाही. मग कुणीतरी ओरडतं "डॉल्फिन!" आणि सगळे एका बाजूला धावतात. किंवा पाणी आत येतं आणि लोक घाबरून दुसऱ्या बाजूला धावतात. तिथे पाच-सात मिनिटं विचार करायला मिळत नाहीत.

ही सवय आपल्याला कुठे लागते हे मला नीट माहीत आहे, कारण मी तिच्यातच वाढलो. मानोरा ते दिग्रस काळी-पिवळी. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला सुद्धा एक माणूस, मागे पाय लोंबकळत दोघं, आणि "सरका, सरका, अजून एक बसते" हे वाक्य. त्यात एक माणुसकी पण आहे. रात्रीची शेवटची गाडी असेल तर कुणाला फाट्यावर सोडून जायचं नसतं. जो कटकट करतो तो शिष्ट. पुण्याच्या काकांचा प्रश्न त्याच माणुसकीतून आला होता, म्हणून मला त्यांचा राग येत नाही. पण जास्त माणसं भरलेली जीप बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. बोटीला कड नसते.

आणि हे फक्त अंदमानचं नाही. तारकर्लीला २४ मे २०२२ ला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ येऊन उलटली, दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली. चूक फेरीबोटीची नव्हती. पण परवाना ८४ प्रवाशांचा आणि आत शंभरावर माणसं, आणि कित्येकांच्या अंगावर जॅकेट नाही. त्या दिवशी जॅकेट म्हणजे हातात असलेली अर्ध्या तासाची मुदत होती. माणसाचं शरीर पाण्याइतक्याच घनतेचं, त्यामुळे तोंड वर ठेवायला थोडकाच आधार पुरतो. पण तो आधार बकल लावलेला हवा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली. फोटोत भगवा रंग छान दिसत नाही म्हणून जेट्टी सुटल्यावर ते काढणारे मी त्याच दिवशी आठ मोजले. (हो, मला मोजायची खोड आहे.)

बोटवाल्यांना खलनायक करणं सोपं आहे. त्यांचा धंदा काही महिन्यांचा, पावसाळ्यात खाडा, डिझेल महाग, आणि बंद पडलेल्या बोटीची माणसं बेटावर सोडली तर तेच लोक शिव्या देणार. नियम आहेत, पण नियम तपासणारा माणूस सुटायच्या जेट्टीवर असतो, परतीच्या बेटावर नाही. मग तिथे उरतं कोण? आपण. तिकीट काढताना आपण मासे दिसतील का, गोप्रो मिळेल का, जेवण आहे का, एवढं सगळं विचारतो. 'माणसं किती भरणार' हे विचारायला आपल्याला लाज वाटते. मला तरी वाटली.

गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी आम्ही वांडूरहून जॉली बॉयला गेलो. ते बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, १९८३ पासून संरक्षित. तिथे जेट्टीवर पिशव्या उघडून बघतात, वापरून फेकायचं प्लास्टिक काढून घेतात, पाण्याची बाटली न्यायची तर अनामत भरा आणि परत आणून दाखवा. आईच्या पिशवीतून चिवड्याची पुडी बाहेर निघाली. मला हे मनापासून आवडलं, प्रवाळ तिथे खरंच जास्त जिवंत दिसला. म्हणजे बेटावर गेलेली बाटली परत आली की नाही हे मोजणं आपल्याला जमतं. आदल्या दिवशी तीसच्या बोटीत एकोणचाळीस चढले तेव्हा मोजणारा मी एकटा.

पुण्यात परत आल्यावर मी सोसायटीजवळच्या तलावात नाव घातलंय, सकाळी सहाची बॅच. माझ्या बॅचमध्ये बाकी सगळे आठ-नऊ वर्षांचे आहेत आणि मला 'काका' म्हणतात. अजून खोल पाण्यात सोडलेलं नाही.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. ओट्यावर चार माणसं जमली होती आणि बाबा अंदमानची गोष्ट रंगवून सांगत होते. वीसची नोट फिरवून झाली, साहेबाचा तलाव झाला, मग बोट आली. "एकोणचाळीस लोकं भरले होते राजेहो! म्या म्हनलं, उतरा खाली. अशा बोटीत आपुन नाही बसत." आई आत पोळ्या लाटत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तव्यावरची पोळी उलटली.