जुनी छायाचित्रे दुरुस्त करताना

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी घरच्या ट्रंका उघडून जी जुनी छायाचित्रे पाठवली, त्यांत वसतिगृहाच्या ओसरीसमोर काढलेले एक समूहचित्र होते. आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याने ते मोबाइलवर ‘नीट’ करून आणले. कागदाचा पिवळेपणा गेला होता, मधली घडी पुसली गेली होती, तिरपी चौकट सरळ झाली होती. सर्वांनी कौतुक केले. आम्हाला मात्र काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहिले. मूळ प्रत शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. उजव्या कडेला पदर सावरत उभ्या असलेल्या भोजनगृहातील दोन मावशी नव्या चित्रात नव्हत्याच. आणि उरलेल्या मुलांचे चेहरे एकाच छटेने गोरे व गुळगुळीत झाले होते.

मुलाचा हेतू वाईट नव्हता. “सर, त्या अर्ध्याच दिसत होत्या,” असे तो म्हणाला, आणि ते खरेही होते. सोव्हिएत रशियात निकोलाय येझोव्ह याला १९४० साली मृत्युदंड दिल्यानंतर, कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी उभा असलेला तो छायाचित्रातून पुसला गेला आणि त्याच्या जागी नुसते पाणी दिसू लागले, हे उदाहरण आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. हुकमाने पुसणे आणि नीटनेटकेपणासाठी कापणे यांत हेतूचे अंतर मोठे आहे. पण पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी माणूस सारखाच दिसत नाही. ज्या समाजाची छायाचित्रे मुळातच थोडी, त्याला तर हे परवडणारे नाही.

म्हणूनच आमचे स्पष्ट मत असे की, छायाचित्र-संपादनाचे पहिले धडे शाळेनेच द्यावेत. मोबाइलमधील तयार फिल्टरांवर ते सोपवू नयेत. धडे अवघड नाहीत. प्रथम मूळ फाइलची प्रत काढावी आणि सारे काम त्या प्रतीवर करावे. मूळ फाइलला कधीही हात लावू नये. जेपीईजी प्रकारातील चित्र दर वेळी बदलून जतन केले की थोडा तपशील कायमचा गळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्रही आक्रसते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते. शक्य असेल तेथे मोबाइलने फोटोचा फोटो काढण्यापेक्षा स्कॅनर वापरावा. चार बाय सहा इंचांची प्रत इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केली तर ३६०० बाय २४०० पिक्सेलचे चित्र मिळते, आणि छपाईला इंचाला ३०० पुरेसे असल्याने ते दुप्पट आकारातही सुबक छापता येते.

यानंतर चित्र सरळ करणे, डाग काढणे, पिवळेपणा कमी करणे ही कामे जिम्पसारख्या मोफत प्रणालीतही होतात. खरा विवेक लागतो तो उजेडाच्या बाबतीत. जुन्या समूहचित्रांत मागे पांढरी भिंत असली की पुढचे चेहरे काळवंडतात, कारण कॅमेऱ्याने प्रकाशाचा हिशेब त्या भिंतीवरून केलेला असतो. अशा वेळी संपूर्ण चित्र उजळले तर भिंत करपते. त्याऐवजी ‘शॅडोज’ ही पट्टी हळूहळू सरकवावी. केवळ अंधारलेला भाग उलगडतो आणि डोळे, गालावरचा व्रण, सदऱ्याचे तुटलेले बटण दिसू लागते. फिल्मवर जे उमटलेले होते तेच वर येते. ‘ब्यूटी’ फिल्टर नेमके याच्या उलट करतो: उमटलेले झाकतो आणि वर आपला रंग फासतो. सावळा चेहरा हा छायाचित्रातील दोष आहे, असे आमच्या मुलांना एखाद्या यंत्राने शिकवावे, याचा आम्हाला मनापासून राग येतो.

अंधूक चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर आणखी पुढे जातात. ती चेहरा शोधत नाहीत, अंदाजाने रचतात. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवर आज जे रंग चढवले जातात, तेही असेच अंदाज असतात. घराच्या भिंतीवर अशी तसबीर लावायला हरकत नाही, परंतु खाली ‘रंग नंतर भरले आहेत’ एवढी ओळ असावी, आणि पुरावा म्हणून ती कोणी पुढे करू नये.

ओसरीसमोरचे ते समूहचित्र आम्ही पुन्हा स्कॅन करून घेतले. या वेळी काम त्याच विद्यार्थ्याने केले. घडीची रेघ पुसट केली, सावल्या थोड्या उघडल्या, कडा मात्र कोठेही कापली नाही. त्यामुळे डावीकडे छायाचित्रकाराच्या सायकलचे चाकही आले आहे. चित्र या अंकात त्याच रूपात छापले आहे. मागील बाजूस पेन्सिलीने लिहिलेली नावे फक्त मुलांची आहेत. उजवीकडच्या दोन मावशींपैकी एकींची ओळख जुन्या विद्यार्थ्यांकडून पटली. दुसऱ्या, हातात परात घेतलेल्या मावशींचे नाव अद्याप कळलेले नाही. ज्यांना आठवत असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात कळवावे.