साथीतही जळीत कक्ष राखीवच हवा

साथ आली की रुग्णालयाची सगळी यंत्रणा त्या एका आजाराकडे वळते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि खाटा, भूलतज्ज्ञ, परिचारिका, ऑक्सिजन सारे कोरोनाकडे गेले. ते आवश्यकही होते. पण घराघरांत चूल पेटत होती, गॅस सुरू होता आणि माणसे भाजतच होती.

भाजलेल्या रुग्णाचे उपचार तासांच्या हिशेबाने चालतात. 60 किलो वजनाच्या माणसाचे 40 टक्के अंग भाजले, तर पहिल्या 24 तासांत त्याला सुमारे साडेनऊ लिटर सलाइन लागते आणि त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे तास भाजल्यापासून मोजायचे, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे. उशीर झाला की रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

साथीने नेमके हेच तास खाल्ले. मंठा, परतूरच्या खेड्यातून वाहन मिळवून जालना गाठायचे आणि गंभीर रुग्ण असेल तर तिथून सुमारे 60 किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) घाटी रुग्णालयात न्यायचे, हे एरवीही सोपे नसते. त्यात कोरोना तपासणीची भर पडली. भाजलेल्याला ताप येतो, धूर छातीत गेल्यास दम लागतो. लक्षणे कोरोनासारखीच दिसतात. असा रुग्ण संशयितांच्या कक्षात अडकला, तर उघड्या जखमांना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्वचादानही रोडावले, कारण मृत्यूनंतर सहा तासांत त्वचा काढावी लागते.

साथीत खाटाच पुरत नाहीत, मग राखीव कशा ठेवायच्या, असे विचारले जाते. साथीतही प्रसूतीची सोय ठेवावीच लागली, कारण बाळंतपण पुढे ढकलता येत नाही. भाजल्यावरचे उपचारही पुढे ढकलता येत नाहीत.

जालना तर पोलाद कारखान्यांचे शहर. ऑगस्ट 2024 मध्ये येथील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार जखमी झाले. हेच साथीच्या लाटेत घडले असते तर?

म्हणून जिल्ह्याच्या साथ आराखड्यात तीन गोष्टी आधीच लिहिलेल्या असाव्यात. काही खाटांचा जळीत कक्ष आणि त्याचे कर्मचारी दुसरीकडे वळवू नयेत. तपासणीच्या अहवालासाठी सलाइन आणि ड्रेसिंग थांबवू नये. पहिल्या आठ तासांचे उपचार ग्रामीण रुग्णालयातच सुरू व्हावेत आणि रुग्ण हलवताना सलाइन चालू असावे.

घरच्यांनीही एवढे करावे: भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात, स्वच्छ कापडाने झाकावे आणि 108 ला फोन करावा. साथीच्या भीतीने घरी थांबू नये.