तीन व्होल्टचा सेल आणि मदरबोर्डचे बिल

लॅपटॉप चालू करावा आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटाव्यात. कुठे 'सीमॉस चेकसम बॅड', कुठे 'टाइम-ऑफ-डे नॉट सेट', कुठे 'सिस्टिम बॅटरी व्होल्टेज इज लो'. थिंकपॅड असेल तर ०२७१ किंवा ०२५१ असा नुसता आकडा, आणि खाली अमुक कळ दाबा म्हणून सूचना. दुकानात गिऱ्हाईक उभे आहे, बिल काढायचे आहे आणि यंत्र अडून बसले आहे. अशा वेळी आपला व्यापारी बांधव दोनच गोष्टी करतो. एक तर सांगितलेली कळ दाबून काम रेटतो आणि महिनोन्‌महिने रोज सकाळी तीच कळ दाबत राहतो, नाही तर लॅपटॉप बगलेत मारून दुरुस्तीवाल्याकडे धावतो. तिथे पुष्कळदा ऐकू येते, "शेठ, मदरबोर्ड गेला." आमचे म्हणणे असे की या दोन्ही वाटा तोट्याच्या आहेत.

मुळात हा बिघाड काय आहे ते समजून घेऊ. लॅपटॉपला बॅटऱ्या दोन असतात. मोठी आपल्याला दिसते, तिची काळजीही आपण घेतो. दुसरी आत बोर्डावर असते. बहुधा ती सीआर २०३२ जातीची, तीन व्होल्टची, २० मिलिमीटर व्यासाची टिकली असते. लॅपटॉपात ती बहुतेक वेळा काळ्या किंवा पिवळ्या वेष्टनात गुंडाळून दोन बारीक तारांनी जोडलेली आढळते. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि सुरुवातीच्या जुळणीची माहिती सांभाळणे एवढेच तिचे काम. आयबीएमने १९८४ साली पीसी-एटी हा संगणक आणला, त्यात ही सोय होती आणि तीच रीत पुढे चालत आली. हा सेल साधारण पाच ते दहा वर्षे टिकतो. मोठी बॅटरी मेलेली आणि लॅपटॉप कपाटात पडून, असे असेल तर तो आणखी लवकर संपतो.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांपासून नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या किरकोळ दुकानदारापर्यंत, नवा लॅपटॉप घेणारे थोडे आणि कंपन्यांनी काढून टाकलेला जुना घेणारे फार. त्यात गैर काही नाही, ती यंत्रे मजबूतच असतात. पण सहा-आठ वर्षे वापरून झालेले यंत्र आपल्या हाती येते तेव्हा आतल्या सेलचे आयुष्य सरत आलेले असते. म्हणून हा बिघाड नेमका आपल्या गल्ल्यावर येतो.

रोज कळ दाबून भागते, मग बिघडले कुठे, असे काही जण म्हणतात. बिघडते ते तारखेत. सेल गेला की घड्याळ मागे कुठल्यातरी सालावर जाऊन बसते. मग बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत लॅपटॉप आपल्या घड्याळावरून तपासतो. डिजिटल सही चालत नाही. संगणकाची तारीख उचलणारे बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर बिलावर २०१२ साल छापले जाते. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. त्याच्या पाच वर्षे आधीचे जीएसटी बिल अधिकाऱ्यापुढे ठेवून आपण काय सांगणार? कधी कधी सेलबरोबर हार्डडिस्कच्या जोडणीची निवडही मूळपदावर जाते, विंडोज सुरूच होत नाही आणि डिस्क गेली असा समज होतो. डिस्क शाबूत असते.

पारख फार अवघड नाही. सेटअपमध्ये जावे (डेलमध्ये बहुधा एफ-टू, एचपीत एफ-टेन, थिंकपॅडमध्ये एफ-वन), तारीख-वेळ दुरुस्त करून जतन करावी, यंत्र बंद करून चार्जर काढावा आणि मोठी बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढून रात्रभर ठेवावे. सकाळी तारीख पुन्हा मागे गेलेली असेल तर बोट सेलकडेच जाते. याउलट घड्याळ बरोबर साडेपाच तासांनीच चुकत असेल तर तो सेलचा दोष नव्हे, देशाची वेळ चुकीची निवडलेली आहे. आणि यंत्रात दिवाच लागत नसेल तर आधी चार्जर आणि त्याची पिन तपासावी. प्रत्येक रोगाचे खापर या टिकलीवर फोडू नये. काही नव्या लॅपटॉपांत हा वेगळा सेल नसतोच, घड्याळ मोठ्या बॅटरीवर चालते. तेथे उपाय मोठ्या बॅटरीचाच.

सेल बदलण्याआधी मात्र तीन कामे चुकवू नयेत. हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. सेटअपच्या पानांचे, विशेषतः हार्डडिस्कच्या जोडणीच्या पानाचे, मोबाइलवर फोटो काढावेत. आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. सेल काढल्यावर ती मागितली गेली आणि हाताशी नसली, तर सेलसाठी गेलेला माणूस सगळी वही हरवून परत येतो. कारागिरांसाठी एक गोष्ट: काही जुन्या यंत्रांत पुन्हा भरणारा सेल असतो, त्यावर एमएल किंवा व्हीएल अशी अक्षरे असतात. त्याच्या जागी साधा सीआर जातीचा सेल बसवू नये. तो भरण्यासाठी बनवलेलाच नाही, गळू शकतो किंवा फुटू शकतो.

आता मदरबोर्डच्या गोष्टीकडे येऊ. सुटा सेल किरकोळ किमतीत मिळतो, तार जोडलेला थोडा महाग. तेव्हा शेकड्यातले काम हजारांत नेणाऱ्याला आम्ही लबाडच म्हणू. पण सगळा दोष त्याच्या माथी मारायला आम्ही तयार नाही. कारागीर खरे सांगतो, "सेल गेलाय, चारशे रुपये होतील." आपण लगेच म्हणतो, "तीस रुपयांच्या सेलचे चारशे?" लॅपटॉपचे दहा-बारा बारीक स्क्रू काढणे, कीबोर्डची नाजूक पट्टी न तोडता सोडवणे, मोठ्या बॅटरीची जोडणी आधी काढणे, सगळे पुन्हा बसवून यंत्र सुरू करून देणे, याला वेळही लागतो आणि हातही लागतो. त्याचे मोल आपण देत नाही. सुट्या भागाचे पैसे मात्र न कुरकुरता देतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. मग कारागीरही शिकतो की खरे सांगितले तर मजुरी बुडते आणि मोठा भाग सांगितला तर मिळते. ही शिकवण त्याला आपणच दिली आहे. शिलाईचा, जरीचा किंवा सुतारीचा धंदा करणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. "कापड तर आमचेच होते," असे म्हणणारे गिऱ्हाईक त्यांच्याही दारात येते.

म्हणून दुरुस्तीवाल्या बांधवांनी तपासणीची मजुरी वेगळी सांगावी, भिंतीवर लिहून लावावी, जुना सेल मीटरवर गिऱ्हाइकासमोर मोजून दाखवावा. चांगला सेल तीन व्होल्ट किंवा थोडे वर दाखवतो, अडीचच्या आसपास उतरला असेल तर त्याचे काम संपले. आणि दुकानदारांनी ती मजुरी घासाघीस न करता द्यावी. मदरबोर्ड गेला असे कोणी सांगितले, तर सेल मोजला का, एवढे विचारावे आणि काढलेला भाग परत मागावा.

काढलेला सेल मात्र गल्ल्यात किंवा खिडकीत ठेवू नये. मेलेल्या सेलमध्येही जीव उरलेला असतो. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. त्याला चिकटपट्टी गुंडाळून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्यावा, आणि मूल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इस्पितळ गाठावे.