रयतेचे येणे आणि कागदाची भिंत

सरकारी मदत म्हणजे गरिबाच्या ओंजळीत टाकलेले दान, अशी समजूत आमच्या बहुजनसमाजात अजून घर करून बसली आहे. ती समजूत जाईल तेव्हाच खेड्यातील गरीब घरांचे काही भले होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे. दान मागणारा वाकून उभा राहतो. येणे मागणारा हिशेब दाखवतो. तालुक्याच्या कचेरीत आज आमचे शेतकरी, मजूर, विधवा भगिनी आणि कारागीर बंधू दान मागणाऱ्यासारखे उभे राहतात, आणि म्हणूनच त्यांना 'उद्या या' हे उत्तर मिळते.

हा पैसा कोणाचा, हे आधी समजून घ्या. शेतकऱ्याच्या घामाचा सारा सरकारी तिजोरीत जातो व त्याचा उपभोग मात्र वरिष्ठ वर्गाची मुले घेतात, हे गाऱ्हाणे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. आज साऱ्याचे महत्त्व उरले नाही. पण साबणाची वडी, पायातली चप्पल, चहाची पुडी यांवर जो कर बसतो तो मजुराचा मजुराला आणि सावकाराचा सावकाराला असा वेगळा नसतो. मजूर रोज कर भरतो, फक्त त्याला त्याची पावती दिसत नाही. तेव्हा तिजोरीत आपला वाटा आहे, हे मनात पक्के ठसवूनच कचेरीची पायरी चढावी.

गरिबाला मदत करण्याची चाल आमच्या चळवळीला नवी नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीस बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले. १८९६-९७ च्या दुष्काळात राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर राज्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडली व दुष्काळी कामे काढली. तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी १९६५ साली हाताला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेने लाखो घरे जगविली, आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसविला गेला. शहराने खेड्याच्या हाताला काम देण्यासाठी कर द्यावा, हा न्याय त्या वेळी या राज्याने मान्य केला, ही गोष्ट विसरू नये. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा आणून दिवस १२५ केले.

आता गरीब घरासाठी काय काय आहे ते पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो व प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मिळते; जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसेही पडत नाहीत. विधवा, परित्यक्ता व अनाथ यांना संजय गांधी निराधार योजनेतून, आणि ६५ वर्षांवरील म्हाताऱ्यांना श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये आहेत. दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वर्षांचे कर्ते माणूस वारले तर एकरकमी २०,००० रुपये आहेत. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, न्हावी, परीट अशा १८ धंद्यांसाठी सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. तीत शिकणाऱ्याला रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये व पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तजवीज आहे.

यादी लांब आहे. पण यादी वाचून चूल पेटत नाही. योजना आणि घर यांच्यामध्ये कागदाची एक भिंत उभी आहे, आणि त्या भिंतीच्या विटा मोजल्या म्हणजे सरकारच्या हिशेबाचे आश्चर्य वाटते.

निराधार योजनेसाठी घराचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे साऱ्या घराला दिवसाला साडेसत्तावन रुपये! चार माणसांच्या घरात माणशी चौदा-पंधरा रुपये पडतात. तेवढ्यात आज हॉटेलात चहाबरोबर वडापावही येत नाही. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात रोजी ३१२ रुपये होती. एखाद्या विधवेने त्या कामावर ६८ दिवस माती उपसली तर तिची कमाई २१,२१६ रुपये होते, आणि नियमाप्रमाणे ती निराधार राहत नाही! एका हाताने काम द्यावयाचे आणि त्या कामाबद्दलच दुसऱ्या हाताने आधार काढून घ्यावयाचा, हा कोणता न्याय? शिवाय त्याच तालुक्यात रेशनच्या प्राधान्य कार्डासाठी खेड्यातील मर्यादा ४४,००० आहे, आणि जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत तीच मर्यादा अडीच लाख आहे. रक्कम तेवढीच, १,५०० रुपये. पण जिला नवरा, बैलजोडी व चार एकर जमीन आहे तिचे माप वेगळे, आणि जिला कोणीच नाही तिचे माप असे आखूड. बहिणीला मिळाले त्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु निराधार बहिणीचे माप वाढविण्यास काय हरकत होती, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी दिले पाहिजे.

परिणाम काय झाला? गरिबाला खोटे बोलावे लागते. खरे उत्पन्न सांगावे तर मदत जाते, आणि दाखल्यावर कमी लिहून घ्यावे तर कोणाचे तरी हात ओले करावे लागतात. नियमच असा की प्रामाणिक माणसाची वाट बंद व्हावी आणि दलालाची दुकानदारी चालावी.

दुसरी वीट अंगठ्याची. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट टेकावे लागते. चिखल मळणाऱ्या कुंभाराच्या, चामडे शिवणाऱ्या चांभाराच्या, कोयता चालविणाऱ्या ऊसतोड्याच्या बोटांवरील रेघा कष्टाने झिजलेल्या असतात. ज्याने उभा जन्म कष्ट केले त्याचेच बोट यंत्राला ओळखू येत नाही आणि गादीवर बसणाऱ्याचे बोट लगेच पटते! अशा माणसाला धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून घ्यावी, हे प्रत्येक दुकानदारास बजावून सांगितले पाहिजे.

तिसरी वीट आमच्यातल्याच माणसांची आहे, आणि ती सांगताना आम्हांस लाज वाटते. शाहू महाराजांनी १९१८ साली कुळकर्णी वतने खालसा केली, ती गावचे दफ्तर एका घराच्या मुठीत राहू नये म्हणून. आज दफ्तर संगणकात गेले. पण त्याची किल्ली पुन्हा काही मोजक्या मुठींत सापडली आहे. कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसून 'तुझे काम करून देतो, पहिल्या तीन महिन्यांचे पैसे माझे' असे म्हणणारा नवा कुळकर्णी पुष्कळदा आमच्याच जातभाईंपैकी असतो, आमच्याच जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचतो. विधवेच्या पंधराशेवर डल्ला मारणाऱ्याची जात पाहून त्याला सूट देऊ नका. लुबाडणारा आपला म्हणून लुबाडणूक सोसली जाते, तेथे सत्यशोधक हे नाव घेण्याचा आपणांस अधिकार राहत नाही.

आणि आमचाही दोष पाहा. घरातील कर्ता माणूस वारला म्हणजे दहाव्या-तेराव्याच्या जेवणावळीसाठी आम्ही त्याच आठवड्यात कर्ज काढतो. पण कुटुंबाला मिळावयाच्या वीस हजारांचा अर्ज करण्याची आठवण कोणालाच होत नाही. मृत्यूचा दाखला महिनोन्‌महिने काढला जात नाही. मेलेल्याच्या नावाने पानावर वाढण्याची घाई, आणि मागे राहिलेल्या पोरांच्या पानाची चिंता नाही! तेराव्याला जमणाऱ्या भाऊबंदांनी पंगत आटोपशीर करावी आणि त्याच दिवशी त्या माउलीचे कागद पुरे करून द्यावेत. मेलेल्याला त्याहून मोठे श्राद्ध नको.

अशी मदत दिल्याने लोक आळशी होतात, असे काही सुखवस्तू मंडळी म्हणतात. त्यांना आम्ही विचारतो : पेन्शन घेणारा अधिकारी आळशी झाला काय? बुडीत कर्जाची सूट घेणारा कारखानदार आळशी झाला काय? मग पंधराशे रुपयांत औषध, तेल, मीठ भागविणारी सत्तर वर्षांची म्हातारीच कशी आळशी होते? ज्यांनी आळशी होण्याइतकी विश्रांती जन्मात घेतली नाही, त्यांना हा उपदेश नको.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, पुढील गोष्टी पक्क्या ध्यानात धरा. तोंडी मागू नका, लेखी मागा, आणि तारखेची पोच घेतल्यावाचून कचेरीतून हलू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत बांधून दिली आहे. नकार द्यावयाचा तर कारण लेखी द्यावे लागते, वर अपील करता येते, आणि कारणावाचून चालढकल करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कामाची मागणीही लेखीच करा. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागता येतो, पण तारखेची पोच नसेल तर मागणी केली होती हे सिद्ध कसे करणार? ग्रामसभा चुकवू नका. पुढाऱ्यांची भाषणे झाली की उठून जाऊ नका. लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचावयास लावा. ज्याचा ट्रॅक्टर दारात उभा आहे त्याचे नाव यादीत आणि पालात राहणाऱ्याचे बाहेर, हे भर सभेत ऐकविले म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतात.

आम्हां शिक्षकांवरही एक जबाबदारी आहे. निबंधाच्या तासाला सहलीचे वर्णन लिहिणाऱ्या मुलाला तहसीलदारास अर्ज कसा करावा, पोच कशी मागावी, हेही लिहिता आले पाहिजे. सातवीतील मुलगी आजीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहू लागेल त्या दिवशी झाडाखालच्या नव्या कुळकर्ण्याचे वतन खालसा होईल.

सरकारपाशी आमच्या मागण्या मोजक्या आहेत. निराधारांची २१,००० ची मर्यादा मोडून ती निदान रेशनच्या मर्यादेइतकी करावी. हमीच्या मजुरीची कमाई निराधाराच्या उत्पन्नात धरू नये. एकदा दिलेला कागद दुसऱ्या योजनेसाठी पुन्हा मागू नये. आणि गावोगावच्या चावडीवर लाभार्थ्यांची यादी मोठ्या अक्षरांत लावावी.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक गावात लिहिता-वाचता येणाऱ्या चार तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, घरोघर जावे, कोणाचे काय येणे राहिले आहे त्याची वही करावी. वहीतले एक-एक नाव निकालात निघेल तसतशी भिंतीची एक-एक वीट निघेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांनी रात्रीच्या शाळा चालविल्या त्या कंदिलाच्या उजेडात. आज तर दिवे आहेत.