नार-पारचे पाणी गिरणेत. पण वाटा किती आणि वीजबिल कोणाचे?

चाळीसगाव, विशेष प्रतिनिधी - धरण मोठे असले म्हणजे पाण्याची चिंता मिटते, हा समज गिरणा धरणाने वेळोवेळी खोटा ठरविला आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात पांझण येथे १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे २१.५ टीएमसी (अब्ज घनफूट) असून, त्यातील १८.५ टीएमसी साठा उपयुक्त आहे. मात्र २००७ नंतर हे धरण पूर्ण भरले ते थेट २०१९ मध्ये. पुढे २०२२ पर्यंत ते दरवर्षी भरले. २०२३ मध्ये पावसाने ओढ देताच साठा निम्म्याच्या आसपास अडकला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत चाळीसगावचा समावेश होता.

याचे कारण भूगोलात आहे. गिरणेच्या वरच्या खोऱ्यात चणकापूर, पुनद, हरणबारी आणि केळझर ही धरणे आहेत. ती भरल्यानंतरच पाण्याचा मोठा ओघ गिरणा धरणाकडे वळतो. दुसरीकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेतून येणारी तितूर नदी धरणाच्या खालच्या बाजूस गिरणेला मिळते. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव शहरात शिरलेल्या पुराचा एक थेंबही या धरणात साठू शकत नव्हता.

या तुटीवर उपाय म्हणून नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाकडे पाहिले जाते. गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळणाऱ्या नार, पार आणि औरंगा या नद्यांचे ९.१९ टीएमसी पाणी उचलून गिरणा खोऱ्यात आणण्याची ही योजना आहे. सुमारे ७ हजार १५ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. हे पाणी गिरणा धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या जवळजवळ निम्मे आहे. त्यामुळे येथे आशा निर्माण होणे स्वाभाविक आहे.

तथापि, आकडे बारकाईने पाहावे लागतील. प्रकल्पातून सिंचित होणाऱ्या ४९ हजार ५१६ हेक्टरपैकी ३२ हजार ४९२ हेक्टर नाशिक जिल्ह्यात, तर १७ हजार २४ हेक्टर जळगाव जिल्ह्यात आहे. म्हणजे जळगावच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश क्षेत्र येते. शिवाय हे पाणी प्रथम वरच्या खोऱ्यात पडणार. तेथील मागणी भागवून ते जामदा बंधाऱ्यापर्यंत किती पोहोचेल, हा खरा प्रश्न आहे. नवे लाभक्षेत्र वाढविताना जुन्या कालव्यांची तूट तशीच राहिली, तर कागदावर सिंचन वाढेल आणि आवर्तनांसाठीची ओढाताण कायम राहील.

दुसरा प्रश्न विजेचा आहे. कोयनेचा शिवसागर जलाशय १०५ टीएमसीचा. तेथील पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरते आणि १ हजार ९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प चालविते. नार-पारमध्ये नेमके उलटे घडेल. तेथे पाणी वर चढविण्यासाठी वीज खर्च करावी लागेल, आणि तीही दरवर्षी. वीजबिल थकल्यामुळे बंद पडलेल्या उपसा सिंचन योजना महाराष्ट्राला नव्या नाहीत. बांधकामाचा खर्च सरकार एकदाच करील. पण पंपांचा भार शेतकऱ्याच्या पाणीपट्टीवर पडणार की शासन सोसणार, याचे उत्तर आधीच मिळायला हवे. सुरगाणा, पेठ परिसरातील ज्या आदिवासींच्या जमिनीवर नवी धरणे उभी राहतील, त्यांच्या पुनर्वसनाचा हिशेबही याच खर्चात मांडला पाहिजे.

प्रकल्पाला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र गिरणा धरणासाठी किती पाणी राखीव राहील, हे करारात लिहून घेण्याची वेळ आताच आहे. काम पूर्ण झाल्यावर वाटा मागणाऱ्याच्या पदरी सहसा आश्वासनच पडते. धरण आहे, पण पाणी नाही, हा अनुभव घेतलेल्या चाळीसगावला ते पुरेसे नाही.